परसदारचा हौद

पानशेतचे धरण फुटले त्या वर्षी, म्हणजे १९६१ साली, मी चार वर्षांचा होतो. त्या पुरातले म्हणून जे काही मला आठवते ते खरोखरच आठवते, की आईच्या तोंडून शंभरदा ऐकल्यामुळे आठवल्यासारखे वाटते, हे आता सांगता येणार नाही. पण एक गोष्ट पक्की. १२ जुलैला पानशेत फुटले, त्याच्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे धरणही गेले, आणि पूर ओसरल्यावर पुणेकरांना कळून चुकले की आता नळाला पाणी येणार नाही. आदल्या दिवशी ज्या गावात पाणीच पाणी झाले होते त्याच गावात प्यायला घोटभर पाणी मिळेना. मग लोकांना वाड्यांतल्या विहिरी आठवल्या, आणि नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजहून जमिनीखालून पाणी आणून ज्यांत खेळवले होते ते जुने हौदही आठवले.

आमच्या वडिलांनी त्या प्रकाराची भलतीच धास्ती घेतली. नळावर विसंबून राहायचे नाही, असे ठरवून त्यांनी पुढच्याच वर्षी आमच्या घराच्या परसात एक हौद बांधून घेतला. आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि अडीच फूट खोल. त्यातला निम्मा जमिनीत, निम्मा वर. कडेला कपडे आपटायला एक काळा दगड. माझे सगळे लहानपण त्या हौदाच्या काठाशी गेले. पुढे गच्चीवर टाकी आली, पंप आला, धुण्याचे यंत्र आले, आणि हौद कोरडा पडला. गेली वीस-पंचवीस वर्षे त्यात काय नव्हते! मोडकी आरामखुर्ची, उरलेल्या फरश्या, सायकलचे रिम आणि शेजारच्या इमारतीतल्या पोरांचे हरवलेले क्रिकेटचे चेंडू.

२०१७ साली मी बँकेतून निवृत्त झालो. निवृत्त माणूस घरात रिकामा बसला की घरातल्या माणसांना त्याच्यासाठी कामे सुचू लागतात. आमच्या सौ. म्हणाल्या, "तो हौद तेवढा बुजवून टाका. जागा मोकळी होईल." चिरंजीवांनी फोनवर सांगितले, "बाबा, तिथे दोन स्कूटर सहज बसतील." मला मात्र वडिलांचा हौद बुजवायचे जिवावर आले. तसे सरळ सांगण्याची सोय नव्हती, म्हणून मी म्हणालो, "मी त्यात मासे पाळणार आहे."

ही कल्पना अगदीच आकाशातून पडली होती असे नाही. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. शाळेत असताना वडिलांनी मला एकदा तिथे नेले होते. त्या हिरव्यानिळ्या काचांपुढून मला हलवायला त्यांना दोनदा कान धरावा लागला होता. ती हौस पन्नास वर्षे मनाच्या कुठल्या तरी कोनाड्यात पडून होती, ती एकदम बाहेर आली.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे पहिली गोष्ट मी हिशेबाची केली. आठ गुणिले पाच गुणिले अडीच, म्हणजे शंभर घनफूट. घनफुटाला सव्वाअठ्ठावीस लिटर धरले तर सुमारे अठ्ठावीसशे लिटर पाणी. हिशेब अगदी बरोबर होता. चुकले ते बाकीचे सगळे.

गवंडी बोलावला. त्याने तडे बुजवले, आतून सिमेंटचा गुळगुळीत गिलावा केला आणि चार दिवस पाणी मारायला सांगितले. पाचव्या दिवशी मी हौद काठोकाठ भरला. दिवाळीची सुटी होती. मुलगा-सून नाशिकहून आले होते, बरोबर पाच वर्षांचा नातू. त्याच्या देखत मासे सोडायचे असा माझा बेत. दुकानातून वीस सोनेरी मासे आणले, पिशव्या सोडल्या, नातवाने टाळ्या पिटल्या. मासे चकाकत तळाशी गेले. त्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी हौदाच्या काठावर बसून चकल्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मासा वर तरंगत होता. दुपारपर्यंत नऊ. रात्री दिवा घेऊन पाहिले तेव्हा विसाव्याची हालचाल थांबत आली होती. नातवाने मला काही विचारले नाही. त्याने आजीला विचारले, "आजोबांनी त्यांना काय केलं?"

हा प्रश्न मी स्वतःला कसा विचारला नव्हता, याचेच मला आश्चर्य वाटले. आमच्या गल्लीत प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. लहानथोर सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात. मी त्यांना घेऊन आलो. त्यांनी हौदाच्या कडेवरून बोट फिरवले, पाण्यात कागदाची एक पट्टी बुडवली आणि ती माझ्यापुढे धरली. ती गर्द निळी झाली होती.

"नवं सिमेंट आहे ना?" ते म्हणाले. "त्यातला चुना पाण्यात उतरतो. शेतकी खात्यातले लोक ज्याला सामू म्हणतात तो साधारण सात-साडेसातच्या आसपास हवा. तुमच्या पाण्याचा दहाच्या वर गेलाय. चुन्याच्या निवळीत मासे सोडलेत तुम्ही. त्यांचे कल्ले भाजले असतील. आणि दुसरं, पाणी थेट नळाचं भरलंत?"

"म्हणजे काय! पिण्याचं स्वच्छ पाणी आहे."

"तुमच्या पिण्याचं. त्यातला क्लोरीन जंतूंना मारतो, तसाच माशांच्या कल्ल्यांनाही जाळतो."

मी गप्प बसलो. मग सर जे म्हणाले ते मी त्याच संध्याकाळी वहीत लिहून ठेवले आहे: "मासे कुणीही पाळतो हो. तुम्ही आधी पाणी पाळायला शिका."

वाचकांपैकी कुणाला परसात असा हौद करायचा झाला, तर माझ्या त्या वीस माशांच्या जिवावर मिळालेले ज्ञान मी फुकट देतो. नवा गिलावा असेल तर हौद भरावा, आठवडाभर तसाच ठेवावा, रिकामा करून काथ्याने घासावा, पुन्हा भरावा. असे तीन-चार वेळा. घासताना पाण्यात व्हिनेगर टाकले तर चुना लवकर मरतो. पट्टीवरचा रंग सलग आठ दिवस उतरलेला दिसेपर्यंत घाई करू नये. क्लोरीनला उपाय सोपा: पाणी पसरट तोंडाच्या भांड्यात उन्हावाऱ्यात एक-दोन दिवस उघडे ठेवले की तो उडून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे थोडे खडे टाकावेत. माझ्या वयाच्या फोटोच्या नादिष्टांना ही चीज अनोळखी नाही. अंधाऱ्या खोलीत आपण जिला ‘हायपो’ म्हणत होतो तीच ही.

एवढे झाल्यावरही सरांनी मला सोनेरी मासे आणू दिले नाहीत. "चार गप्पी मासे सोडा आणि दीड महिना थांबा," म्हणाले. अठ्ठावीसशे लिटर पाण्यात बोटाच्या पेराएवढे चार मासे! आमच्या सौ. रोज सकाळी चहाचा कप घेऊन यायच्या, हौदात डोकावायच्या आणि म्हणायच्या, "मासे पाळलेत की लपवलेत?"

पण त्या थांबण्याला अर्थ होता. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो, आणि तो माशालाच विषारी असतो. नदीत, तळ्यात हे विष साठत नाही, कारण दगडाधोंड्यांवर, वाळूवर एक प्रकारचे जीवाणू वस्ती करून असतात. त्यांतले काही अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते मात्र फारसा त्रास देत नाही. वनस्पती ते खाऊन टाकतात. नव्या हौदात हे जीवाणू जवळजवळ नसतातच. त्यांची वस्ती वाढायला महिना-दीड महिना लागतो, आणि वस्ती वाढायची तर त्यांना थोडे थोडे अन्नही मिळायला हवे. ते अन्न पुरवण्याचे काम माझे चार गप्पी मासे करीत होते. मी प्लास्टिकच्या एका बादलीला तळाशी भोके पाडली, तिच्यात खडी भरली, आणि छोट्या पंपाने हौदाचे पाणी त्या खडीवरून पुन्हा हौदात पडेल अशी सोय केली. खडीवर जीवाणूंना घर मिळाले. पाणी वरून पडत असल्यामुळे त्यात हवाही मिसळू लागली. बाजारात यासाठी हजारो रुपयांची यंत्रे मिळतात. माझी बादली अजून चालू आहे.

फेब्रुवारीत सरांनी सहा सोनेरी मासे आणायला परवानगी दिली. वीस नव्हे, सहा. सोनेरी मासा दुकानात दोन इंचांचा दिसतो म्हणून आपण फसतो. मोकळ्या पाण्यात तो फूटभर वाढू शकतो आणि नीट ठेवला तर वीस-वीस वर्षे जगतो. चीनमध्ये हजार वर्षांमागे साध्या करड्या माशांमधून निवडून निवडून लोकांनी तो घडवला. काचेच्या गोल भांड्यात त्याला ठेवणे म्हणजे माणसाला कपाटात ठेवणे आहे. दुकानदार मला जपानी कोई माशांची जोडीही द्यायला निघाला होता. दिसायला ते राजबिंडे, यात वाद नाही. जपानच्या निइगाता भागातल्या शेतकऱ्यांनी खाण्यासाठी पाळलेल्या माशांतून एकोणिसाव्या शतकात ते रंग वेचून काढले, आणि १९१४ सालच्या टोकियोच्या प्रदर्शनानंतर सगळ्या जपानला त्यांचे वेड लागले. पण दोन-दोन फुटांचे ते मासे; त्यांना माझा हौद म्हणजे न्हाणीघर झाले असते. तेव्हा त्यांना नमस्कार केला.

खाऊ घालण्याच्या बाबतीत मी पुन्हा चुकलो. सोनेरी माशाला जठर असे नसतेच. खाल्लेले सरळ आतड्यात उतरते. त्यामुळे तो सदा भुकेला दिसतो, आणि काठावर माणूस आला की तोंड वासून उभा राहतो. माणसाला वाटते, बिचारा उपाशी आहे. पाहुणे आले की पोळीचे तुकडे टाकायचे, नातू आला की चुरमुरे टाकायचे. न खाल्लेले सगळे तळाशी कुजत होते. एप्रिलमधल्या एका रात्री वीज गेली, पंप बंद पडला. पहाटे पाच वाजता आमच्या सौ. नी मला हलवून उठवले. "अहो, उठा. मासे तोंड वर काढून काहीतरी मागतायत."

ते हवा मागत होते. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. शिवाय पाण्यातल्या वनस्पती दिवसा प्राणवायू देतात, पण रात्री आपल्यासारख्याच तो घेतात. म्हणून पहाटेची वेळ सगळ्यांत वाईट. त्यात तळाशी कुजणाऱ्या पोळीनेही आपला वाटा उचललेला. मी टॉर्च शोधत होतो, सरांचा नंबर शोधत होतो. आमच्या सौ. नी मात्र पदर खोचला, तांब्या घेतला, आणि हौदातलेच पाणी उचलून हातभर उंचावरून पुन्हा हौदात ओतायला सुरुवात केली. वीज यायला सात वाजले. दोन तास त्या ओतत होत्या. सहाही मासे वाचले. हौद बुजवायची गोष्ट त्यानंतर आमच्या घरात कुणी काढली नाही.

तेव्हापासून नियम असा: दिवसातून एकदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच अन्न, थंडीत त्याहून कमी. दर आठवड्याला हौदातले दोनशे-अडीचशे लिटर पाणी काढून कढीलिंबाला आणि गुलाबांना घालायचे (गुलाबांनी काय उचल खाल्ली आहे म्हणता!) आणि तेवढेच मुरवलेले पाणी हौदात भरायचे. हे पाणी मुरवण्यासाठी मी पेरूच्या झाडामागे दोनशे लिटरचा एक निळा ड्रम आणून ठेवला. त्या ड्रमाबद्दल मला पुढे सांगायचे आहे.

दुसऱ्या वर्षी हौद खऱ्या अर्थाने लागला. कुमुदाचा एक कंद पसरट कुंडीत, शेणखत न घालता, नुसत्या चिकणमातीत लावला. वरून खडी पसरली, नाहीतर मासे माती उकरतात. दिवसाला पाच-सहा तास ऊन मिळाले की कुमुद फुलते, आणि त्याच्या पानांची सावली पडली की पाण्यातला हिरवा गढूळपणा आपोआप कमी होतो. जलपर्णी मात्र कुणी फुकट दिली तरी घेऊ नये; फूल सुंदर, पण ती हौद गिळते. पहिल्या पावसात चतुर आले. खंड्या विजेच्या तारेवर येऊन बसू लागला. आणि एक ढोकरी! इतकी साधी, मातकट, वाकून बसलेली की विधवा आत्याबाईच वाटावी. उडाली की पांढरेशुभ्र पंख. ह्या आत्याबाईंनी माझे दोन मासे गिळले, तेव्हा मी लोखंडी चौकटीवर जाळी ठोकून हौदावर टाकली. ती खरे म्हणजे पहिल्याच दिवशी टाकायला हवी होती, आणि ढोकरीसाठी नव्हे. ज्या घरात रांगते, दुडदुडते मूल येते-जाते त्या घरात फूटभर पाणीसुद्धा उघडे ठेवू नये. दिवाळीत त्या जाळीवर जुनी चादरही पडते, नाहीतर फटाक्यांचे कागद आणि दारू पाण्यात जाते.

माझे चार गप्पी एव्हाना दोनशे झाले होते. गप्पी अंडी घालीत नाही, पिल्ले देते; महिन्याला पंचवीस-तीस सहज. मूळचा हा मासा दक्षिण अमेरिका आणि त्रिनिदादकडचा. तिथल्या गप्पी नावाच्या गृहस्थांवरून त्याला नाव मिळाले, आणि आपल्याकडे त्याला गप्पा मारतो म्हणून गप्पी म्हणतात असे मी बरीच वर्षे समजत होतो. डासांच्या अळ्या खाणारा म्हणून तो साऱ्या जगभर नेला गेला. आपल्या पालिकाही तो विहिरींत, कारंज्यांत सोडतात. मी गल्लीत सगळ्यांना सांगत सुटलो, "आमच्या परसात अठ्ठावीसशे लिटर पाणी आहे, पण डास? एक दाखवा!" बाटलीत अळ्या घेऊन मुलांना प्रयोगही दाखवायचो: हौदात ओतल्या की मिनिटाभरात फस्त.

ऑगस्ट २०१९ मध्ये आम्ही दोघे मुलीकडे नागपूरला गेलो. बारा दिवस. सर रोज येऊन माशांना खायला घालणार होते, आणि ते त्यांनी केलेही.

परत आलो तेव्हा फाटकाशीच कळले की शेजारच्या इमारतीतला, दुसऱ्या मजल्यावरचा नऊ वर्षांचा मुलगा दवाखान्यात आहे. डेंग्यू. रक्तातल्या प्लेटलेट भराभर उतरत होत्या. त्याचे आईवडील दोघेही नोकरीवाले, अबोल, भली माणसे. संध्याकाळी वडील आमच्या दाराशी आले. तीन दिवस झोप नाही असा चेहरा. "काका, रागावू नका," ते म्हणाले, "पण इमारतीतल्या सगळ्यांचं म्हणणं आहे, तुमचा तो हौद..."

मला राग आला. का खोटे बोलू? मी त्यांना तिथेच, दारात उभे करून, गप्पी माशांवर व्याख्यान दिले. ते ऐकून घेऊन निघून गेले. दुसऱ्या दिवशी कुणी तरी कळवल्यावरून आरोग्य खात्याचा माणूस आला. खांद्याला पिशवी, हातात लांब दांड्याचा पांढरा डाव. त्याने जाळी उचलून हौदात दहा ठिकाणी डाव बुडवला आणि दहाही वेळा उन्हाकडे धरून पाहिला. इमारतीच्या गॅलऱ्यांतून माणसे बघत होती. एकही अळी नव्हती. "हौद झकास ठेवलाय, काका," तो मोठ्याने म्हणाला, आणि मी गॅलऱ्यांकडे एकदा पाहून घेतले.

मग तो पेरूच्या झाडामागे गेला.

"हा ड्रम कुणाचा?"

क्लोरीन उडून जावा म्हणून मी तो उघडा ठेवला होता, आणि नागपूरच्या गडबडीत तसाच विसरलो होतो. वरून पावसाचे पाणीही पडत होते. त्याने डाव बुडवला आणि काही न बोलता माझ्यापुढे धरला. पाण्यात शेकडो अळ्या वळवळत होत्या. काहींच्या कोष झाले होते. पृष्ठभागावर रिकाम्या कातीही होत्या.

"पट्ट्यापट्ट्यांच्या पायांचा, दिवसा चावणारा डास आहे हा," त्याने सांगितले. "अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. मादी अंडी पाण्यावर घालत नाही, भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या जरा वर घालते. ती महिनोन् महिने कोरडी राहिली तरी मरत नाहीत. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. आतून घासून काढा. आठवड्यातला एक दिवस कोरडा पाळा."

"आणि ह्या अळ्या?"

"ओता हौदात. मासे खातील की."

मी ड्रम कलता केला. मासे तुटून पडले. दोन मिनिटांत अळ्या नाहीशा झाल्या. पण कातीतून बाहेर पडून आधीच उडून गेले होते त्यांचे काय? हा डास फार दूर जात नाही. शंभर-दोनशे मीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. त्या मुलाची खिडकी माझ्या पेरूच्या झाडापासून तीस फुटांवर आहे. त्याला चावलेला डास माझ्याच ड्रमातला होता, हे कुणी सिद्ध करू शकणार नाही. नव्हता, हेही नाही.

आरोग्य खात्याच्या माणसाने नोटीस लिहिली, मी सही केली. गॅलऱ्यांतल्या लोकांना झाडामागचे काही दिसले नव्हते. हौद निर्दोष, एवढेच त्यांनी ऐकले. आमच्या सौ. घरात येऊन म्हणाल्या, "तुम्ही त्यांना सांगणार आहात ना?" मी म्हणालो, "पोरगं बरं होऊ दे, मग सांगतो." त्या म्हणाल्या, "नाही. आज."

दवाखान्याच्या जिन्याजवळ मी त्या मुलाच्या वडिलांना गाठले आणि ड्रमाची सगळी हकिगत सांगितली. नागपूरचे बारा दिवस, अळ्या, काती, सगळे. ते ऐकत राहिले. शेवटी नुसते "बरं" म्हणाले आणि आत गेले. यापेक्षा त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर मला रात्री झोप आली असती.

मुलगा नवव्या दिवशी घरी आला. आमच्या सौ. नी मुगाच्या खिचडीचा डबा पाठवला. डबा धुऊन परत आला, निरोप आला नाही. दोन-अडीच महिने ती दोघे रस्त्यात भेटली की मान वळवायची. सरांना मी म्हणालो, हौद आता बुजवतोच. ते म्हणाले, "हौदाने काय केलंय? ड्रमावर फडकं बांधा." आणि खरेच, आई पाण्याच्या पिंपावर धोतराचे पान बांधायची, तेच मी साठ वर्षांनी शिकलो. पातळ कापडातून क्लोरीन उडून जातो आणि डासाला आत जाता येत नाही. दर रविवारी ड्रम रिकामा करायचा, काथ्याने घासायचा, पालथा घालायचा, आणि लागेल तेव्हाच भरायचा. कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे, मोरीतली बादली, सगळ्यांना रविवार.

नोव्हेंबरात एके दिवशी परसात चेंडू पडला, आणि पाठोपाठ भिंतीवरून तो मुलगा. वाळून काटकी झालेला, पण डोळे चलाख. चेंडू न घेताच तो जाळीपाशी उकिडवा बसला.

"आजोबा, ह्यातला एक मला बाटलीत द्याल?"

मी विचारले, "कुठे सोडणार?"

"नदीत. तिथे खूप डास आहेत."

तेव्हा मला त्याला खाली बसवून सांगावे लागले की हौदातला मासा नदीत कधी सोडायचा नाही. गप्पी काय, सोनेरी मासा काय, परक्या मुलखातला मासा नदीत गेला की तिथल्या मूळच्या माशांचे अन्न खातो, त्यांची अंडी-पिल्ले खातो, आणि एकदा पसरला की कुणाला परत गोळा करता येत नाही. आपल्याच ओढ्यांत डासांच्या अळ्या खाणारे चिमुकले मासे आहेत. एकाच्या तर डोक्यावर चांदीच्या टिकलीसारखा ठिपका असतो. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग आमच्या गच्चीवरच्या कमळाच्या टबात सोडला तर?" त्या टबाला मी हरकत घेतली नाही. चार गप्पी दिले. संध्याकाळी त्याची आई रिकामी बाटली परत द्यायला आली आणि हौदाच्या कडेच्या दगडावर जरा वेळ बसली. बोलली फारसे नाही. आमच्या सौ. नी चहा केला.

आता तो मुलगा कॉलेजात जायच्या वयाचा झाला आहे. सहा सोनेरी माशांपैकी चार जुने अजून आहेत, सगळ्यांत मोठा माझ्या वितीपेक्षा लांब. नाशिकचा नातू सुटीत आला की आधी त्यांची मोजदाद करतो, आणि ती होईपर्यंत माझ्याकडे बघत नाही. आणि दर रविवारी सकाळी, मी ड्रम घासून पालथा घातला की नाही हे पाहायला, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून हाक येते, "आजोबा, ड्रम?"

मी झाडामागून काथ्याचा हात वर करून दाखवतो.